विश्लेषण : हाडांच्या कर्करोगांना ओळख देणारे डॉ. जेम्स युइंग कोण होते? त्यांच्या नावाआड हाडाचा लिम्फोमा कसा दडून राहिला?

एक्स-रेमध्ये हाड जेमतेम विरळ दिसते, पण एमआरआयमध्ये त्याच हाडाभोवती भलीमोठी गाठ असते. अशा वेळी रेडिओलॉजी अहवालाच्या शेवटी बऱ्याचदा दोन नावे शेजारी शेजारी येतात : युइंग सार्कोमा आणि लिम्फोमा. यातले पहिले नाव ज्या माणसाचे आहे, त्या डॉ. जेम्स युइंग यांनी शंभर वर्षांपूर्वी हाडाच्या एका जीवघेण्या आजाराला स्वतंत्र ओळख दिली. मात्र त्याच ओळखीखाली दुसरा आजार पुढची जवळपास १८ वर्षे झाकला गेला. फरक साधासुधा नव्हता. एका आजारातून तेव्हा फारच थोडे रुग्ण वाचत होते आणि दुसऱ्यातून बरेच वाचू शकत होते.

हाडाचा लिम्फोमा म्हणजे काय?

लिम्फोमा हा लसीका पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात, असेच त्याचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. पण कधी कधी तो थेट हाडातच सुरू होतो. इतर कुठे मागमूस नसतो. त्याला प्राथमिक अस्थी-लिम्फोमा म्हणतात. हा दुर्मीळ आजार आहे. हाडांत उद्भवणाऱ्या सगळ्या घातक गाठींमध्ये त्याचा वाटा साधारण ३ ते ७ टक्के. मांडीचे हाड, कंबरेचे हाड, मणके ही त्याची नेहमीची ठिकाणे. रुग्ण बहुधा मध्यमवयीन किंवा त्याहून मोठे, पुरुष थोडे जास्त. युइंग सार्कोमा मात्र प्रामुख्याने मुलांचा आणि किशोरांचा आजार. वय वेगळे, मूळ वेगळे, औषधे वेगळी. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे लहान, गोल, गडद निळ्या पेशींचा दाट थर दिसतो. युइंग यांच्या काळात निदानाचे साधन म्हणजे हा सूक्ष्मदर्शक आणि जोडीला धूसर एक्स-रे, एवढेच होते.

खाटेवरची दोन वर्षे

जेम्स युइंग यांचा जन्म २५ डिसेंबर १८६६ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झाला. वडील न्यायाधीश. घर सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी. जेम्स १४ वर्षांचा असताना त्याच्या मांडीच्या हाडात जंतुसंसर्ग झाला. ऑस्टिओमायलायटिस. प्रतिजैविके यायला अजून अर्धशतक होते. हाडात पू झाला की तो वाहून जाण्याची वाट पाहायची, रुग्णाला झोपवून ठेवायचे, एवढेच वैद्यांच्या हाती. जेम्स दोन वर्षे अंथरुणाला खिळला. शिकवायला शिक्षक घरी येत. वेळ घालवण्यासाठी तो नियतकालिकांतील स्पर्धांमध्ये भाग घेई आणि त्यातल्याच एका बक्षिसातून त्याला पहिला सूक्ष्मदर्शक मिळाला, असे सांगितले जाते. पाय वाचला, पण लंगडत चालणे आयुष्यभरासाठी मागे लागले.

हा तपशील केवळ चटका लावणारा म्हणून सांगायचा नाही. मुलाच्या हाडात दुखते आहे, ताप येतो आहे, सूज आहे, ही ऑस्टिओमायलायटिसची लक्षणे. युइंग सार्कोमाचीही नेमकी हीच. त्यामुळे आजही या कर्करोगाच्या काही रुग्णांवर आधी हाडातला जंतुसंसर्ग समजून उपचार होतात. १४ वर्षांचा जेम्स ज्या दुखण्याने झोपून होता, त्याच दुखण्याचा बहुरूपी पुढे त्याच्या नावाने ओळखला जाणार होता.

रक्त, हिवताप आणि एक रिकामे घर

ॲमहर्स्ट महाविद्यालयातून १८८८ मध्ये पदवी आणि १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स ॲण्ड सर्जन्समधून वैद्यकीय पदवी, असा युइंग यांचा प्रवास झाला. तिथे फ्रान्सिस डेलाफिल्ड आणि मिचेल प्रुडन या शिक्षकांनी त्यांना विकृतीशास्त्राची, म्हणजे पॅथॉलॉजीची गोडी लावली. सुरुवातीचे त्यांचे काम कर्करोगावरचे नव्हते, ते रक्तावरचे होते. १८९८ च्या स्पॅनिश-अमेरिकी युद्धात त्यांनी लष्करात कंत्राटी डॉक्टर म्हणून काम केले आणि सैनिकांच्या रक्तातले हिवतापाचे परजीवी अभ्यासले. पुढच्याच वर्षी, वयाच्या तिशीत, ते न्यूयॉर्कमधील कॉर्नेल विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. १९०१ मध्ये रक्ताच्या पॅथॉलॉजीवरचे त्यांचे पुस्तक आले.

१९०० मध्ये कॅथरीन हॉल्स्टेड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एक मुलगा झाला. दुसऱ्या गरोदरपणात कॅथरीन यांना विषबाधेसारखा गंभीर विकार जडला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. संसार उणापुरा दोन-तीन वर्षांचा. युइंग यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी गरोदरपणातल्या याच विकाराच्या पॅथॉलॉजीवर शोधनिबंध लिहिले. दुःखाविषयी त्यांनी काही लिहून ठेवले की नाही यापेक्षा त्यांनी तपासायला कोणते अवयव घेतले, हेच पुरेसे बोलके आहे.

कर्करोगाकडे कसे वळले?

पैशामुळे, असे म्हटले तर चुकणार नाही. रेल्वे उद्योगपती कॉलिस हंटिंग्टन यांच्या पत्नीने पतीच्या स्मरणार्थ १९०२ मध्ये कर्करोग संशोधनासाठी एक लाख डॉलरचा निधी दिला. त्या काळी कर्करोगावर काम करायला स्वतंत्र पैसा मिळणे ही अपूर्वाईच होती. या निधीतून युइंग आणि त्यांचे सहकारी सायलस बीबी यांनी कुत्र्यांमधल्या एका गाठीचा अभ्यास सुरू केला. तिला तेव्हा संसर्गजन्य लिम्फोसार्कोमा म्हणत. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे ती लैंगिक संबंधातून जाई आणि बऱ्याचदा आपोआप बरीही होई.

या गाठीचे गूढ पुढे शंभर वर्षांनी पुरते उकलले. २००६ मध्ये जनुकीय तपासणीतून दिसले, की एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते ती कर्कपेशीच. जंतू किंवा विषाणू नव्हे. आणि ही गाठ लिम्फोमाही नाही. पण युइंग यांना या कामातून दोन गोष्टी मिळाल्या. एक, गोल पेशींच्या गाठी दिसायला सारख्या असल्या तरी वागायला सारख्या नसतात, ही जाणीव. दुसरी मात्र थोडी गैरसोयीची. कर्करोग परजीवीमुळे किंवा संसर्गाने होतो या कल्पनेबद्दल त्यांच्या मनात अढी बसली. त्यांच्याच शहरात पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांतला सार्कोमा गाळलेल्या द्रावातून दुसऱ्या कोंबडीत जातो हे दाखवले. विषाणूजन्य कर्करोगाचा तो पाया होता, राउस यांना त्याबद्दल १९६६ मध्ये नोबेल मिळाले. युइंग यांच्या पिढीतल्या बहुतेक पॅथॉलॉजिस्टप्रमाणे युइंगही त्या वाटेने गेले नाहीत.

त्यांचे सूत्र वेगळे होते. कर्करोग हा एक आजार नाही, ती अनेक आजारांची जत्रा आहे. प्रत्येक गाठीचे मूळ ऊतक, तिची वाढ, तिचे पसरणे आणि तिचा शेवट वेगळा असतो. म्हणून प्रत्येकीचे चरित्र स्वतंत्रपणे लिहायला हवे. १९१९ मध्ये त्यांनी ते लिहिले. ‘निओप्लास्टिक डिसीजेस’ हे हजारांहून अधिक पानांचे पुस्तक एकट्याच्या हातचे. त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या, शेवटची १९४० मध्ये.

खाणमालकाची अट आणि रेडियम

न्यूयॉर्कमधील मेमोरियल रुग्णालय १८८४ मध्ये कर्करोग रुग्णालय म्हणून स्थापन झाले होते, पण पैशाअभावी ते सर्वसाधारण रुग्णालय बनत चालले होते. मूळचे कॅनडाचे खाण अभियंता आणि तांब्याच्या व्यवसायात गब्बर झालेले जेम्स डग्लस यांच्या मुलीचा स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू झाला होता. डग्लस यांनी रुग्णालयाला मोठी देणगी देऊ केली. अट अशी, की रुग्णालयाने फक्त कर्करोगाचे उपचार करावेत, कॉर्नेलशी संलग्न व्हावे आणि पॅथॉलॉजीची सूत्रे युइंग यांच्याकडे द्यावीत. डग्लस यांना रेडियमवर विलक्षण विश्वास होता. कोलोरॅडोतल्या खनिजातून अमेरिकेतच रेडियम काढण्यासाठी १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेमागेही ते होते. त्यातला त्यांच्या वाट्याचा साठा पुढे मेमोरियलकडे आला.

पॅथॉलॉजिस्ट रुग्णालयाचा कारभार चालवतो, हे शल्यचिकित्सकांना रुचणे कठीण होते. मेमोरियलमध्ये हाडांच्या गाठींवर विल्यम कोली यांचा दबदबा होता. मारलेल्या जिवाणूंचे मिश्रण टोचून ताप आणायचा आणि शरीराला गाठीविरुद्ध उठवायचे, ही कोली यांची पद्धत. काही रुग्णांत गाठी खरोखर विरघळल्या. पण मिश्रण दरवेळी वेगळे, मात्रा वेगळी आणि निदानाची खात्री नाही, असे युइंग यांचे आक्षेप होते. दोघांचे या विषयावर कधीच जमले नाही. आज इम्युनोथेरपीच्या इतिहासात कोली यांना मानाचे पान मिळते आणि युइंग यांच्याकडे आडमुठे म्हणून पाहिले जाते. हे अर्धेच खरे आहे. निदानच डळमळीत असेल तर बरा झालेला रुग्ण नेमका कशातून बरा झाला, हा युइंग यांचा प्रश्न रास्त होता. फक्त तोच प्रश्न त्यांच्या रेडियमलाही लागू होता.

१४ वर्षांची मुलगी आणि नवा आजार

१९२० मध्ये न्यूयॉर्क पॅथॉलॉजिकल सोसायटीपुढे युइंग यांनी एका १४ वर्षांच्या मुलीची माहिती मांडली. हाताच्या, कोपराखालच्या हाडात गाठ. तोवर हाडातली घातक गाठ म्हटली की ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे नवे वेडेवाकडे हाड तयार करणारी गाठ, हाच पहिला विचार असे. या मुलीच्या गाठीत नवे हाड कुठेच बनत नव्हते. हाडाच्या दांड्यात लांबवर पसरलेल्या लहान गोल पेशी होत्या. आणि रेडियम लावल्यावर गाठ झपाट्याने ओसरली. ऑस्टिओसार्कोमा किरणांना असा दाद देत नाही. म्हणजे हा निराळाच आजार असला पाहिजे, असा निष्कर्ष युइंग यांनी काढला. तो शोधनिबंध १९२१ मध्ये छापून आला, पाठोपाठ आणखी रुग्णांची माहितीही आली.

या पेशी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून येतात, असे युइंग यांना वाटले. म्हणून त्यांनी आजाराला हाडाचा पसरट एंडोथेलिओमा असे नाव दिले. मुळाबद्दलचा त्यांचा हा तर्क टिकला नाही, आजार मात्र टिकला. पुढच्या काही वर्षांत जगभरचे डॉक्टर त्याला युइंग यांच्याच नावाने ओळखू लागले.

त्याच सुमारास बॉस्टनमध्ये अर्नेस्ट ॲमरी कॉडमन या शल्यचिकित्सकाने हाडाच्या सार्कोमाची नोंदणी सुरू केली होती. कॉडमन हा वल्ली माणूस. प्रत्येक शस्त्रक्रियेचे पुढे काय झाले याचा हिशेब रुग्णालयांनी जाहीर करावा, असा आग्रह धरून त्याने बॉस्टनच्या वैद्यकीय वर्तुळात अनेकांशी वैर घेतले होते. एक्स-रेच्या सुरुवातीच्या काळात तो त्या तंत्रातही मुरलेला. आता त्याने देशभरच्या डॉक्टरांना आवाहन केले, की हाडाच्या गाठीचा प्रत्येक रुग्ण कळवा, एक्स-रे पाठवा, काच पाठवा आणि रुग्ण जिवंत आहे की नाही तेही सांगा. तपासणीसाठी समिती नेमली : कॉडमन, बाल्टिमोरचे जोसेफ ब्लडगुड आणि युइंग. एकाच रुग्णाच्या काचेवर वेगवेगळे तज्ज्ञ वेगवेगळी निदाने लिहीत, हे या नोंदणीतून उघडे पडले. दुर्मीळ आजारांबाबत एका डॉक्टरच्या अनुभवाला किती अर्थ असतो, याचा तो पहिला मोठा हिशेब होता.

मग लिम्फोमा त्यात कसा मिसळला?

युइंग यांची कसोटी दुहेरी होती. गोल पेशी आणि किरणोत्साराला चटकन प्रतिसाद. गाठीला सुरी लावल्यास ती पसरेल अशी भीती त्या वेळी होती. त्यामुळे संशय असला की आधी किरण देऊन पाहायचे आणि गाठ वितळली तर युइंग सार्कोमा मानायचे, असाही प्रघात पडला. इथेच मेख होती. लिम्फोमाच्या पेशीही गोल असतात. लिम्फोमाही किरणांपुढे लोण्यासारखा वितळतो. म्हणजे ऑस्टिओसार्कोमाला बाजूला काढायला ही कसोटी उत्तम, पण तिच्या चाळणीतून युइंग सार्कोमा आणि लिम्फोमा दोन्ही एकत्रच खाली पडत होते.

परिणाम काय झाला? चाळिशी-पन्नाशीतल्या काही रुग्णांवर युइंग सार्कोमाचा शिक्का बसला. त्या काळी या निदानानंतर पाच वर्षे जगणारे क्वचितच असत. त्यामुळे कुणाचा पाय मांडीपासून कापला जाई, तर कुणाला फार काही करण्यात अर्थ नाही म्हणून घरी पाठवले जाई. दुसरीकडे, युइंग सार्कोमातून आश्चर्यकारकरीत्या वाचलेले म्हणून जे रुग्ण मिरवले जात, त्यांच्यात मुळातच दुसरा आजार असलेले किती होते, ही शंका राहिली. उपचारांच्या यशाचे आकडे त्यामुळे दोन्ही बाजूंनी भेसळीचे झाले. कोली यांच्या काही यशस्वी रुग्णांबद्दलही नंतरच्या अभ्यासकांनी हीच शंका घेतली.

फ्रान्समधील स्ट्रासबर्गचे चार्ल्स ओबरलिंग यांनी १९२८ मध्ये हाडाच्या मगजातल्या जाळीदार ऊतकातून उद्भवणाऱ्या सार्कोमाची कल्पना मांडली. पण निर्णायक काम झाले ते १९३९ मध्ये. बॉस्टनच्या फ्रेडरिक पार्कर आणि हेन्री जॅक्सन यांनी १७ रुग्णांची माहिती एकत्र करून दाखवले, की हाडात सुरू होणारा हा रेटिक्युलम-सेल सार्कोमा स्वतंत्र आजार आहे. गाठ मोठी असते, रुग्ण मात्र आश्चर्य वाटावे इतका ठणठणीत दिसतो, आणि उपचार झाल्यास बऱ्याचदा दीर्घकाळ जगतो. हाच तो आजार, ज्याला आज आपण हाडाचा प्राथमिक लिम्फोमा म्हणतो. रेटिक्युलम-सेल हे नाव पुढे १९७० च्या दशकात मागे पडले. या बहुतेक गाठी मुळात बी-लसीका पेशींच्या आहेत, हे तोवर कळले होते.

युइंग तेव्हा ७२ वर्षांचे होते. पार्कर आणि जॅक्सन यांचा निबंध ज्या नियतकालिकात आला, त्याच नियतकालिकात त्याच वर्षी युइंग यांनी हाडांच्या गाठींच्या वर्गीकरणाचा आढावा लिहिला. त्यात रेटिक्युलम-सेल सार्कोमाला वेगळा कप्पा मिळाला. स्वतःच्या नावाच्या आजारातून एक हिस्सा काढून दुसऱ्याच्या खात्यावर जमा होताना त्यांनी खळखळ केली नाही, हे नोंदवायला हवे. कोलींशी वाद घालणाऱ्या युइंग यांच्यापेक्षा हे युइंग अधिक मोठे वाटतात.

एक्स-रे का चकतो?

हाडाचे बाहेरचे कवच अखंड दगड नसते. त्यातून रक्तवाहिन्यांसाठी बारीक नळ्या गेलेल्या असतात. ऑस्टिओसार्कोमा भिंत फोडून बाहेर येतो. लिम्फोमाच्या पेशी मात्र तसा धसमुसळेपणा करत नाहीत. त्या काही रासायनिक संदेश सोडतात, त्यामुळे हाड कुरतडणाऱ्या शरीराच्याच पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, कामाला लागतात आणि कवचात बारीक बोगदे तयार होतात. त्या बोगद्यांतून पेशी बाहेर सरकतात आणि हाडाभोवती मांसल गाठ वाढवतात. भिंत जागेवर, घर मात्र आतून-बाहेरून व्यापलेले. वाळवी लागलेला वासा रंगाखाली धड दिसावा, तशी गत.

एक्स-रेमध्ये झीज दिसण्यासाठी हाडातले साधारण ३० ते ५० टक्के खनिज जावे लागते. त्यामुळे सुरुवातीचा एक्स-रे चक्क सर्वसाधारण येऊ शकतो. पुढे वाळवीने खाल्ल्यासारखी, कडा अस्पष्ट असलेली विरळ जागा दिसते. कधी आत मेलेल्या हाडाचा तुकडा सुटून पडलेला असतो, आणि मग जंतुसंसर्गाचा संशय येतो. एमआरआयमध्ये चित्र उघड होते. मगजाची नेहमीची चरबीची चमक जाऊन तिथे गडद पट्टा, बाहेर मोठी गाठ, आणि मध्ये कवच बऱ्यापैकी शाबूत. ही विसंगती दिसली की लिम्फोमा आठवावा, असे रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. पेट-सीटीमुळे आजार त्याच हाडापुरता आहे की आणखी कुठे दडला आहे, हे कळते आणि औषधांनंतर गाठ खरेच निवली का, तेही पाहता येते. कारण उपचार यशस्वी झाल्यावरही एमआरआयमध्ये हाड बराच काळ विचित्र दिसू शकते.

गंमत अशी, की युइंग सार्कोमाही अशाच बोगद्यांतून बाहेर पडतो. त्यामुळे चित्रावरून संशय घेता येतो, शिक्कामोर्तब करता येत नाही.

आज फरक कसा करतात?

जाड सुईने गाठीचा तुकडा काढून. हाडातून सुईने तुकडा किंवा पेशी ओढून निदान करण्याचे सुरुवातीचे प्रयत्न १९३० च्या सुमारास युइंग यांच्याच मेमोरियलमध्ये झाले, आणि ते करणाऱ्यांत विल्यम कोली यांचे चिरंजीव ब्रॅडली कोली होते, हा इतिहासातला एक मजेदार योगायोग. लिम्फोमाच्या पेशी नाजूक असतात, सुईच्या दाबाने चिरडतात आणि काचेवर नुसता निळा फराटा उरतो. म्हणून कधी कधी तपासणी पुन्हा करावी लागते. रुग्णाला हे जिवावर येते, पण घाईने केलेल्या निदानापेक्षा दुसरी सुई परवडते.

नंतर पेशींवरच्या खुणा रंगवून पाहतात. सीडी-४५ आणि सीडी-२० या खुणा असल्या तर बी-पेशींचा लिम्फोमा. सीडी-९९ ही खूण युइंग सार्कोमात ठळक असते, मात्र लिम्फोमाच्या एका प्रकारातही ती सापडते, त्यामुळे एकट्या खुणेवर विसंबत नाहीत. अंतिम पुरावा जनुकांत असतो. ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, हे युइंग सार्कोमात १९८३ मध्ये दिसले. १९९२ मध्ये त्या सांध्यावरचे जोडजनुक हाती लागले. त्यातल्या एका जनुकाच्या नावातच युइंग यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. साधारण ८५ टक्के रुग्णांत हीच जोडी सापडते.

निदान ठरले की वाटा फुटतात. युइंग सार्कोमात अनेक महिन्यांची तीव्र केमोथेरपी आणि सोबत शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. लिम्फोमात रिटुक्सिमॅबसह चार-पाच औषधांचे चक्र आणि गरजेनुसार किरण. हाड मोडले असेल किंवा मोडायला आले असेल तर आधारासाठी सळई, एरवी हाड कापून काढण्याची गरज सहसा पडत नाही. एका जागी सीमित असलेल्या हाडाच्या लिम्फोमाचे बहुसंख्य रुग्ण आज दीर्घकाळ जगतात. युइंग सार्कोमाही आता हातचा गेलेला आजार राहिलेला नाही. पसरण्यापूर्वी सापडला तर निम्म्याहून अधिक मुले वाचतात.

शेवटची वर्षे

१२ जानेवारी १९३१ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर युइंग झळकले. एखादा पॅथॉलॉजिस्ट मुखपृष्ठावर येणे तेव्हाही नवलाचे होते. त्याच वर्षी ते मेमोरियलचे संचालक झाले. अमेरिकेतील कर्करोग संशोधकांची संघटना १९०७ मध्ये स्थापन झाली तेव्हाच्या ११ संस्थापकांत ते होते. १९१३ मध्ये लोकजागृतीसाठी सुरू झालेल्या, पुढे अमेरिकन कॅन्सर सोसायटी बनलेल्या संस्थेतही ते होते. १९३७ मध्ये सरकारने कर्करोगासाठी राष्ट्रीय सल्लागार परिषद नेमली, तिच्यातही. माणूस मात्र मितभाषी, काहीसा एकलकोंडा. चेहऱ्यातल्या मज्जातंतूच्या भयानक कळांनी त्यांना अनेक वर्षे छळले. लंगडत का होईना ते टेनिस खेळत आणि बेसबॉलचे सामने आवर्जून पाहत.

१९३९ मध्ये रॉकफेलर कुटुंबाने दिलेल्या जमिनीवर मेमोरियलची नवी इमारत उभी राहिली आणि युइंग निवृत्त झाले. दोन वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत खानोलकर या पॅथॉलॉजिस्टकडे होती. कर्करोग रुग्णालयाच्या केंद्रस्थानी सूक्ष्मदर्शक असावा, ही पद्धत तोवर जगात रुळू लागली होती.

युइंग यांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. १६ मे १९४३ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. मेमोरियलमधल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९४० मध्ये त्यांच्या नावाने सुरू केलेल्या मंडळाचे नाव १९७५ मध्ये बदलून सोसायटी ऑफ सर्जिकल ऑन्कोलॉजी असे झाले. न्यूयॉर्क शहराने १९५० मध्ये त्यांच्या नावाने उघडलेले रुग्णालयही आता त्या नावाने चालत नाही. त्यांचे नाव उरले आहे ते बायोप्सीच्या अहवालांत, आणि पुष्कळदा त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असते. त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर यायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.